नाव सगळ्यात शेवटी वाचायचं

आमचा वाडा पाडायचं नक्की झालं आणि माळ्यावरचं सामान खाली आलं. तांब्याचा बंब, पितळी समया, बंद पडलेली दोन घड्याळं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक काचेचा वाडगा. फिकट लिंबासारखा पिवळा, काठाकडे जाता जाता दुधाळ होत गेलेला. घरात त्याची ओळख ठरलेली होती : 'बेल्जियमचा वाडगा'. पणजोबांनी तो मुंबईहून आणला, तोही 'प्लेगच्या आधीच्या दिवाळीत'. मुंबईत प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरात, म्हणजे ही दिवाळी १८९५ ची. पणजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आहे तो हा वाडगा आणि ही गोष्ट. वाड्यात शेवटपर्यंत एकटी राहिलेली आत्या ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

जुन्या वस्तू घेणारा माणूस आला. त्याने वाडगा उलटा केला, बुडाकडे पाहिलं आणि खाली ठेवला. "काकू, नाव नाही याच्यावर. नाव नसेल तर काच म्हणजे भंगार."

तेवढ्यात चुलतभावाने त्याचा दिवा पुढे केला. दोन वर्षांपूर्वी त्याने तो बरेच पैसे मोजून एका दुकानातून घेतला होता. तपकिरी वेली, केशरी आभाळ आणि काचेतच उठवलेली सही : 'गॅले'. त्या माणसाचे डोळे चमकले.

मला तेव्हा काचेतलं काहीही कळत नव्हतं. पण एकाला नाव आहे म्हणून सोनं आणि दुसऱ्याला नाही म्हणून भंगार, हा हिशोब पटेना. पुढचे काही महिने मी जुन्या काचेबद्दल मिळेल ते वाचत राहिले. त्यातून जी एक गोष्ट शिकले ती आधीच सांगून टाकते : काचेवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं.

आधी नाव खोटं कसं बोलतं ते पाहू

एमिल गॅले हा फ्रान्समधल्या नॅन्सी शहराचा काचकार. जन्म १८४६, मृत्यू १९०४. वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे थर एकावर एक चढवायचे आणि मग आम्लाने किंवा चाकावर वरचे थर हवे तिथे खाऊन काढायचे, की आतल्या रंगावर फुलं-पानं उठून दिसतात. या पद्धतीच्या कामाने त्याचं नाव झालं. तो गेल्यावरही कारखाना चालू राहिला. मृत्यूनंतरची काही वर्षं सहीच्या आधी एक छोटी चांदणी घातली जायची. म्हणजे खऱ्या कारखान्याच्या खऱ्या सहीवरही 'गॅलेच्या हयातीतलं' आणि 'नंतरचं' असा भेद आहे.

आता खोट्याकडे. विसाव्या शतकाच्या शेवटी रुमानियात गॅले पद्धतीच्या फुलदाण्या आणि दिवे मोठ्या प्रमाणात बनू लागले. त्यात लपवाछपवी नव्हती. सहीच्या शेजारी 'टिप' अशी तीन अक्षरं असायची. रुमानियन भाषेत त्याचा अर्थ 'धाटणीचं', म्हणजे 'गॅलेच्या धाटणीचं'. लबाडी नंतर होते. मधला कुणीतरी ती तीन अक्षरं घासून काढतो. उरतं फक्त 'गॅले'.

रने लालीक या दुसऱ्या फ्रेंच काचकाराची गोष्ट एका अक्षराची आहे. तो १९४५ मध्ये वारला. तोपर्यंतच्या कामावर साधारणपणे 'आर. लालीक' असं नाव असायचं. नंतर मुलाने कारखाना हाती घेतला आणि 'आर' गेला, नुसतं 'लालीक, फ्रान्स' उरलं. त्या एका 'आर'मुळे किमतीत मोठा फरक पडतो. त्यामुळे नंतरच्या काचेवर तो मागाहून कोरला जातो. हिऱ्याच्या टोकाने एक अक्षर कोरायला कितीसा वेळ लागणार?

कमी कष्टात खोटी करता येणारी गोष्ट म्हणजे नाव. बाकी खोटं करायला भट्टी लागते.

वर्षाला दोन कडा असतात

जुन्या घरात एखादं पाकीट सापडलं आणि पत्त्यात पिनकोड असला, तर ते १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोड आलाच त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. पण ते १९७३ चं आहे की १९९३ चं, हे पिनकोड सांगत नाही.

काचेवरच्या बहुतेक खुणा अशाच असतात. त्या 'याच्या आधीची नाही' एवढंच सांगतात. 'याच्या नंतरची नाही' असं सांगणाऱ्या खुणा फार थोड्या. फसगत होते ती इथेच. पहिल्या कडेलाच माणूस वस्तूचं वय समजतो.

बोट आतून फिरवा

सुरुवात करायची ती वस्तू कशी घडली इथून. त्यासाठी डोळ्यांपेक्षा बोट कामाचं.

नळीने फुगवून केलेलं भांडं नळीपासून सोडवण्यासाठी कारागीर त्याच्या बुडाला एक लोखंडी गज चिकटवतो. काठाचं काम झालं की गज तोडतात आणि बुडावर खडबडीत व्रण राहतो. महागड्या कामात तो घासून, चकाकी देऊन गोल खळगा करतात. हा व्रण 'हाताचं काम' असं सांगतो, 'जुनं काम' असं नाही. आजचे काचकारही तसाच गज वापरतात.

साच्यात फुगवलेल्या भांड्याला बाहेर जिथे फुगवटा असतो, तिथे आत खळगा असतो, कारण हवेने काच साच्याच्या भिंतीवर सगळीकडे सारखी दाबलेली असते.

तिसरा प्रकार दाबकाचेचा. लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. बाहेर कितीही नक्षी असो, आतली बाजू दट्ट्यासारखी गुळगुळीत. साच्याचे भाग जुळतात तिथे बाहेर बारीक उभ्या रेघा राहतात. हे तंत्र अमेरिकेत १८२० च्या दशकात रुजलं आणि लवकरच इंग्लंडमध्ये पोचलं. हिऱ्यासारखे पैलू पाडलेल्या महाग काचेची नक्कल आता मिनिटभरात निघू लागली. नक्कल ओळखायची तर पैलूच्या कडेवरून बोट फिरवायचं. हाताने कापलेली कड धारदार लागते, दाबलेली किंचित गोल.

मी आमच्या वाडग्यात बोट फिरवलं. आतून अगदी गुळगुळीत. बाहेर उभ्या रेघा. पैलूंच्या कडा गोल. म्हणजे दाबकाच. 'संस्थानिकांकडे असतो तसला' हा आत्याचा दावा पहिल्याच पायरीवर डळमळला.

अंधारातला हिरवा उजेड

नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा आता कुठेही मिळतो. रात्री खोलीतले दिवे घालवून मी तो वाडग्यावर धरला आणि अख्खा वाडगा पोपटी हिरव्या उजेडाने पेटल्यासारखा झाला. आत्या दारातून बघत होती. ती म्हणाली, "अगबाई, याच्यात काय भूत आहे का?"

भूत नाही, युरेनियम. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, १८३० च्या दशकापासून रिडेल घराण्याने काचेच्या मिश्रणात युरेनियमचं संयुग घालून पिवळी आणि पिवळट हिरवी काच विकायला सुरुवात केली. घराण्यातल्या आना हिच्या नावावरून त्या रंगांना नावं पडली. अणुबाँब तेव्हा शंभरेक वर्षं दूर होता. युरेनियम म्हणजे नुसता एक सुंदर रंग होता. दुसऱ्या महायुद्धात सरकारांनी युरेनियमवर ताबा मिळवला आणि ही काच जवळजवळ थांबली. पुढे पुन्हा थोडीफार बनू लागली, आजही बनते. म्हणून हिरवी चमक पुन्हा एकच कड देते : १८३० च्या दशकाच्या आधीची नाही. (असा वाडगा कपाटात ठेवायला काही भीती नाही. त्यात रोज आमटी खाऊ नये एवढंच.)

दुधाळ काठाचंही कोडं सुटलं. हा वेगळा रंग चढवलेला नसतो. काचेच्या मिश्रणातच असे घटक असतात, की वस्तू साच्यातून काढून थोडी निवू दिली आणि तिचा काठ पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरला, तर तेवढाच भाग दुधाळ होतो. उत्तर इंग्लंडमधल्या गेट्सहेड गावच्या जॉर्ज डेव्हिडसन आणि कंपनीने या प्रकारचं पेटंट १८८९ मध्ये घेतलं. निळ्या आणि लिंबू अशा दोन रंगांत त्यांनी तो 'पर्लाइन' या नावाने विकला. लिंबू रंगात युरेनियम असायचं.

आता संशय एका गावाकडे वळला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. सारखा रंग दुसराही काढू शकतो.

बर्फी आणि आकडा

जुन्या काचेवर कायद्याने उमटवलेल्या खुणा बनवणाऱ्याच्या सहीपेक्षा जास्त भरवशाच्या असतात. सही मिरवण्यासाठी असते, कायद्याची खूण भांडण झालं तर दाखवण्यासाठी.

ब्रिटनमध्ये १८४२ पासून कारखानदार आपल्या वस्तूचं डिझाइन सरकारदरबारी नोंदवू शकत. मग वस्तूवर बर्फीच्या आकाराची एक खूण यायची. वरच्या टोकाला छोटं वर्तुळ आणि त्यात रोमन आकडा. धातूला एक, लाकडाला दोन, काचेला तीन. बर्फीच्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, दिवस आणि गठ्ठ्याचा क्रमांक. वर्ष आणि महिना अक्षरात लिहायचे, पण सरळ एबीसीडीच्या क्रमाने नाही. १८४२ म्हणजे 'एक्स', १८४३ म्हणजे 'एच', १८४४ म्हणजे 'सी'. सव्वीस वर्षांत अक्षरं संपली. १८६८ पासून तीच अक्षरं पुन्हा पहिल्यापासून लावली, फक्त कोपरे बदलले. वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेलं. 'एक्स' वर असेल तर १८४२, उजवीकडे असेल तर १८६८. पहिला कोपरा चुकला की वयात सव्वीस वर्षांची चूक.

१८८३ नंतर बर्फी बंद झाली. १८८४ च्या जानेवारीपासून एकापासून सुरू होणारे सरळ आकडे आले. आकड्याच्या आधी 'आर' आणि 'डी' ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे 'नोंदलेलं'. कोणत्या वर्षी कुठून कुठपर्यंत आकडे दिले गेले याचे तक्ते उपलब्ध आहेत. १८८९ साल सुमारे १ लाख १६ हजारांपासून १ लाख ४१ हजारांपर्यंत जातं. १९०० ची सुरुवात ३ लाख ५१ हजारांच्या पुढे होते. नोंदणीच्या वह्या आणि चित्रं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. आकडा मिळाला की कुणी नोंदवला, हेही शोधता येतं.

आमच्या वाडग्यावर असं काही असेल असं वाटलंच नव्हतं. त्या जुन्या वस्तूवाल्याने बुडाच्या बाहेरून पाहिलं होतं. मी आतून पाहिलं. मोबाइलची टॉर्च अगदी आडवी धरली, उजेड तिरका पडला आणि तळाशी उठवलेले अंक दिसू लागले. आधी 'आर', 'डी'. मग आकडा.

तो वाचताना धाकधूक झाली, खोटं कशाला सांगू? तीन लाखांच्या पुढचा आकडा निघाला असता, तर पणजोबांच्या १८९५ च्या दिवाळीची गोष्ट तिथेच संपली असती. ती आत्याला कोण सांगणार होतं?

आकडा निघाला १ लाख ३० हजारांच्या घरातला. साल १८८९. नोंदवणारे, जॉर्ज डेव्हिडसन आणि कंपनी, गेट्सहेड.

इथे पिनकोडचा धडा विसरायचा नाही. १८८९ ही डिझाइन नोंदवल्याची तारीख, वाडगा घडवल्याची नव्हे. नोंदणीचं संरक्षण मोजक्या वर्षांचं असायचं, पण आकडा लोखंडी साच्यातच कोरलेला. साचा चालेल तोवर त्यातून वस्तू निघत, आकड्यासकट. म्हणजे वाडगा १८८९ च्या आधीचा नाही. १८९५ मध्ये तो मुंबईच्या दुकानात असू शकतो. होताच, असं काच सांगत नाही.

आणि नाव का नव्हतं? १८८० च्या दशकात हीच कंपनी बुरुजातून वर येणाऱ्या सिंहाची खूण वापरायची. गेट्सहेडच्याच सोवर्बी कारखान्याची खूण मोराचं डोकं. डेव्हिडसनने पुढे सिंह सोडला आणि बऱ्याच मालावर नुसता आकडाच राहिला. म्हणून त्या माणसाला 'नाव' दिसलं नाही.

देशाची नावं

हाच नियम देशांच्या नावांनाही लागू आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते अमल‌ात आलं. त्यामुळे काचेवर 'ऑस्ट्रिया' असं इंग्रजीत असेल तर ती बहुधा त्यानंतरची. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या ऑक्टोबरच्या आधीची नाहीच, कारण तो देशच नव्हता. आणि हा देश १९९२ च्या अखेरीपर्यंत होता. त्यामुळे नुसत्या त्या नावावरून 'शंभर वर्षं जुनं' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उलट, काहीच लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कित्येक वस्तूंवर कागदी लेबलं होती. पहिल्याच धुण्यात ती गेली.

झीज

शेवटची परीक्षा बुडाची. शंभर वर्षं टेबलावर, फडताळात सरकलेल्या भांड्याच्या बुडावर बारीक ओरखडे असतात, पण जिथे ते टेकतं तिथेच. शिवाय कुठल्याही दिशेने, वेडेवाकडे. पॉलिश पेपरने केलेली झीज एका दिशेने जाते आणि टेकत नाही अशा जागीही पोचते. भिंगातून पाहिलं की फरक कळतो.

चुलतभावाचा दिवा मी भिंगाखाली धरला. बुडावर झीज जवळजवळ नव्हतीच. 'गॅले'च्या शेजारी काच मंद, खरखरीत होती. तीन अक्षरं मावतील एवढीच जागा. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दिवा तर छान आहे ना?" छान आहेच. रुमानियातल्या कुणा कारागिराने नीट केलेलं काम आहे. खोटं बोलला तो अक्षरं घासणारा.

मग बेल्जियम कुठून आलं?

आपल्याकडे प्रत्येक जुनी काच 'बेल्जियमची' असते. आरसा, हंडी, झुंबर, अगदी कपाटाचं तावदान. याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियम हा काचेचा मोठा निर्यातदार होता. शार्लरवा भागातली खिडकीची काच जगभर जायची आणि लिएजजवळचा १८२६ मध्ये सुरू झालेला व्हाल सँ लाम्बेअर कारखाना उंची काचेसाठी नावाजलेला होता. वनस्पती तुपाला जसं 'डालडा', तसं चांगल्या काचेला 'बेल्जियम' झालं. प्रत्यक्षात आपल्या बाजारात बोहेमियाच्या बांगड्या आणि मणी होते, जर्मन माल होता, इंग्लंडची दाबकाच होती, पुढे जपानी मालही आला.

तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला तो याच बाजारासमोर. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम तिन्हीकडून येणारा माल तुटला. त्याच काळात, १९१६ मध्ये, कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. पण घराघरातल्या गोष्टींत राहिलं ते बेल्जियमच. तळेगावची बरणी आहे असं कोण मिरवतं?

आत्याला सांगताना

मी आत्याला सगळं सांगितलं. आकडा दाखवला. ती चष्मा लावून वाडग्यात वाकून बघत राहिली.

"म्हणजे बेल्जियमचा नाही."

"नाही."

"आणि संस्थानिकांकडचाही नाही."

"नाही. साध्या लोकांच्या टेबलासाठी केलेला. ज्यांना कापलेली काच परवडायची नाही त्यांच्यासाठी."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा कारकून होते गं. बेल्जियमचा वाडगा त्यांना कुठून परवडणार होता? आम्ही कधी विचारच केला नाही."

मग मात्र मला ती गोष्ट पहिल्यांदा खरी वाटू लागली. 'बेल्जियम'ने पणजोबांना उगाच श्रीमंत केलं होतं. गेट्सहेडच्या दाबकाचेत तो कारकून बसत होता, पगारातून काही शिल्लक टाकून दिवाळीला घरी न्यायला एक चमकणारी वस्तू शोधणारा. १८८९ च्या आकड्याने त्यांची दिवाळी सिद्ध केली नाही. पण खोटीही पाडली नाही, आणि ती पाडू शकला असता.

तुमच्या घरातही असं काही फडक्यात गुंडाळलेलं असेल. बाहेर काढा. आतून बोट फिरवा, टॉर्च तिरकी धरा, आकडा शोधा, झीज पाहा. नाव असेलच तर ते शेवटी वाचा, घरच्यांनी दिलेलं नावसुद्धा.

वाडगा विकला नाही. नव्या फ्लॅटमध्ये तो आत्याच्या टीव्हीशेजारी आहे. त्या जांभळ्या दिव्याचे सेल संपले तर ती मला फोन करते. पाहुणे आले की खोलीतला दिवा घालवायचा असतो ना.